खेळाडू मुलींचा एक लपविलेला त्रास

आजचा विषय चारचौघांत काढण्याजोगा नव्हे, असें आमच्या कित्येक वडीलधाऱ्या वाचकांस वाटेल. आम्हांसही परवांपर्यंत तसेंच वाटत होतें. परंतु घरांतील एका मुलीचा आवडता खेळ आमच्या डोळ्यांदेखत सुटला आणि त्यास आमचाही हातभार लागला, हें कळून आल्यावर या विषयावर लिहिणें आम्ही कर्तव्यच समजतों.

आमच्या धाकट्या बंधूंची नात सोळा वर्षांची. बास्केटबॉलमध्यें तरबेज. ती एकाएकीं सरावास जाईनाशी झाली. आम्हीं जन्मभर मास्तरकी केलेली. आळसाचे दुष्परिणाम तिला तासभर ऐकवून आम्ही मोकळे झालों. ती मान खालीं घालून ऐकत राहिली. पुढें घरांतील बायकांच्या ध्यानांत आलें कीं, सरावाच्या दिवशीं ही पोर दुपारपासून पाण्याचा घोटही घेत नसे व नेहमीं काळेच कपडे घालीत असे. आजीनें तिला जवळ घेऊन विचारलें, तेव्हां उलगडा झाला. उडी मारतांना लघवीचे थेंब नकळत सुटत. "आजी, हें म्हातारपणीं होतें ना? मग मलाच कां?" असें म्हणून ती रडूं लागली.

तिला एका स्त्री-डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं जें समजावून सांगितलें, तें प्रत्येक घरास ठाऊक असावें. कमरेच्या हाडांच्या कड्याच्या तळाशीं, पुढील जघनास्थीपासून मागील माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. तिला आपण श्रोणितल म्हणूं. मूत्राशय, आंतड्याचा शेवटचा भाग व स्त्रियांचा गर्भाशय यांस ती खालून आधार देते. उडी मारतांना, धांवतांना किंवा वजन उचलतांना पोटांतील दाब एकदम वाढतो. त्याच क्षणीं ही झोळी पुरेशी आवळली गेली नाहीं, तर मूत्रमार्ग नीट मिटत नाहीं. मांड्या व दंड भक्कम असले, म्हणजे ही झोळीही भक्कम असेलच असें नाहीं.

१९९४ सालीं अमेरिकेंत एक पाहणी प्रसिद्ध झाली. मूल न झालेल्या १४४ विद्यापीठीय खेळाडू तरुणींपैकीं २८ टक्के जणींनीं खेळतांना असा त्रास होत असल्याचें सांगितलें. जिम्नॅस्टिक्स व बास्केटबॉल खेळणाऱ्यांत हें प्रमाण सुमारें दोन-तृतीयांश होतें. गोल्फ खेळणाऱ्यांत एकीसही हा त्रास नव्हता. तेव्हां आमच्या मुलीसारख्या पुष्कळ आहेत, आणि यांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं.

यावर उपाय आहे. आर्नोल्ड केगेल या अमेरिकन वैद्यानें या स्नायूंच्या व्यायामावरील आपला निबंध १९४८ सालीं प्रसिद्ध केला. आपल्याकडे हठयोगप्रदीपिकेंत मूलबंध व घेरंडसंहितेंत अश्विनी मुद्रा सांगितली आहे. त्यांतही याच प्रदेशाचें आकुंचन आहे. मात्र त्यांचा हेतु निराळा असल्यामुळें, 'आमच्याकडे हें सर्व होतेंच' अशी फुशारकी आम्ही मारणार नाहीं.

व्यायामाची रीत अशी : लघवी व वायु एकाच वेळीं रोखावयाचा असल्याप्रमाणें तळ आंत व वर ओढून घ्यावा, श्वास कोंडूं नये, नितंब वा मांड्या आवळूं नयेत, कांहीं क्षण धरून मग पूर्णपणें सैल सोडावें. असें आठ वेळां, दिवसांतून तीनदां, निदान तीन महिने करावें. लघवी चालू असतां ती मध्येंच थांबवून हा सराव करूं नये.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. कांहीं खेळाडूंचे हे स्नायु दुबळे नसून सदा आवळलेले असतात. त्यांस वारंवार लघवीस जावें लागतें, ती सुटण्यास वेळ लागतो, क्वचित् वेदनाही होतात. अशांनीं अधिक आवळल्यास त्रास वाढतो. त्यांस सैल सोडणेंच शिकावें लागतें. म्हणून आधीं जाणकारांकडून तपासणी करून घ्यावी. लघवींत रक्त, जळजळ, ताप किंवा लघवी अडणें यांपैकीं कांहीं असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. पाणी तोडणें हा तर उपाय नव्हेच. त्यानें लघवी दाट होऊन मूत्राशयाची चुरचुर वाढते आणि उन्हांत खेळणाऱ्यास धोका होतो. पुरुषांनींही हें परक्याचें दुखणें समजूं नये. श्रोणितल त्यांसही आहे.

आमची नात चार महिने नेमानें व्यायाम करीत आहे. त्रास पुष्कळ उणावला असून ती पुन्हां मैदानावर जाऊं लागली आहे. आम्हीं तिची क्षमा मागितली, तेव्हां ती हंसली. परंतु नोकरीच्या काळांत कवायतीस सुटी मागणाऱ्या किती मुलींस आम्हीं कारण न विचारतांच रागें भरून रांगेंत उभें केलें असेल, हा विचार आतां मनांतून जात नाहीं. त्यांची क्षमा मागण्यास आम्ही कोठें जाणार? आमच्या शिक्षकबंधूंस व घरोघरच्या वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती कीं, मुलगी खेळ सोडूं लागली तर उपदेश करण्यापूर्वी तिच्या आजीस किंवा आईस तिच्याशीं एकांतांत बोलूं द्यावें.