तारुण्याची सुई

१८८९ सालीं पॅरिसांत ७२ वर्षांच्या ब्राउन-सेकार या नामांकित शास्त्रज्ञानें प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून तारुण्य परतल्याचें जाहीर केलें. साक्षीस एकटा त्याचाच देह! पांच वर्षांत तो निवर्तला.

आज त्या मोहाचें नांव ‘पेप्टाइड’. अमिनो आम्लांच्या या लहान साखळ्या खोट्या नव्हेत. १९२२ सालीं टोरांटोंत मरणोन्मुख मुलास तारणारें इन्सुलिन त्यांच्याच जातीचें. परंतु त्याचा गुण कोणाही डॉक्टरास रक्तांतील साखर मोजून पडताळतां आला. दुखापत लवकर भरावी म्हणून सुशिक्षित लोक जें टोचून घेतात, त्या बीपीसी-१५७ चे दाखले मुख्यतः उंदरांचे!

पेशींचें नांव घेतल्यानें भाबडेपणाचें शास्त्र होत नाहीं. विकणाऱ्यास वाचकांनीं एवढेंच विचारावें : एका देहाच्या साक्षीपलीकडे पुरावा कोठें आहे?