ताश्कंद म्हटलं की डोळा मारणाऱ्यांसाठी

पोस्ट लांब आहे. आधी पूर्ण वाचा, मग भांडा.

ताश्कंद हे एका शहराचं नाव आहे. तो इशारा नाही, शिवी नाही, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर खिदळायचा विषय तर अजिबात नाही. पण आज हिंगणा असो, वानाडोंगरी असो की अख्खं नागपूर, चार पुरुषांत ‘ताश्कंद’ म्हणून बघा. पाचव्या सेकंदाला कोणीतरी डोळा मारतो.

मी आणि बायको ऑक्टोबरात उझबेकिस्तानला जायचं ठरवतोय. समरकंद पाहायचं आहे. ही साधी गोष्ट ज्याला सांगितली, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “वहिनीले तिकडं कायले नेतं?” एकाने तर पानठेल्यावर सगळ्यांसमोर विचारलं, “हॉटेलात जेवाले जाताना घरून डबा नेतं काय बे?” सगळे हसले. त्या हसण्यावर माझा राग आहे आणि तो इथे लिहून काढतोय.

पहिली गोष्ट, हे नाव बिघडवलं कोणी? उझबेक लोकांनी नाही. आपण बिघडवलं. सिमेंट, पाइप, रंग, टायर, बियाणं, फवारणीचं औषध, धंदा कोणताही घ्या, त्यात ‘स्कीम’ असते. इतका माल उचला, टार्गेट पूर्ण करा, फॉरेन टूर घ्या. आधी बँकॉक होतं, आता ताश्कंद, अल्माटी. टूर बहुतेक वेळा पुरुषांचीच. चार रात्री, पाच दिवस. एक दिवस शहराची बसमधून चक्कर, एक दिवस चिमगानचा डोंगर आणि चारवाकचं धरण, संध्याकाळी हॉलमध्ये इंडियन बुफे, डीजे, नाच. उरलेल्या वेळात कोण काय करतो ते ‘आपसातली गोष्ट’. समरकंद? ते ‘ऑप्शनल’. वेगळे पैसे, आणि सकाळी लवकर उठावं लागतं, म्हणून बहुतेकांचं राहूनच जातं.

म्हणजे ज्या देशात समरकंद आहे तिथे जाऊन समरकंद न पाहता परत. आग्र्याला जाऊन फक्त पेठा खाऊन आल्यासारखं. वर विमानतळावरून फोटो टाकायचा, “लाइफ सेट आहे.”

आणि हा खर्च देतो कोण, हेही बघा. कंपनी आपल्या खिशातून देत नाही. तो सिमेंटच्या पोत्यात असतो, औषधाच्या बाटलीत असतो. आपल्या तालुक्यातला कापूसवाला, सोयाबीनवाला, संत्रावाला दुकानात जाऊन विचारतो, “भाऊ, यावर काय मारू?” त्याला खरा सल्ला द्यायचा आहे त्या माणसाने, ज्याचं विमानाचं तिकीट त्याच बाटलीच्या खपावर ठरतं. सगळे कृषी केंद्रवाले असे नाहीत. मी स्वतः चांगले ओळखतो, जे “गरज नाही, नको मारू” म्हणून शेतकऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवतात. पण व्यवस्था त्यांच्या बाजूने नाही. २०१७ मध्ये याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले. त्या मृत्यूंचा दोष मी कोणाच्या टूरवर टाकत नाही. पण औषध किती आणि कोणतं मारायचं याचा सल्ला हा जिवाचा प्रश्न आहे, एवढं तरी त्या वर्षाने शिकवायला हवं होतं. अशा सल्ल्याला टूरचं आमिष चिकटवायचं का?

डॉक्टरांच्या बाबतीत सरकारला हे कळलं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी आचारसंहिता काढली. त्यात डॉक्टरांना आणि त्यांच्या घरच्यांना परिषदेच्या नावाखाली देशात-परदेशात फिरवून आणायला मनाई केली, व्याख्यान द्यायला जाणारे तेवढे सोडून. माणसाच्या औषधाला जो न्याय, तोच पिकाच्या औषधाला लावा. ही माझी पहिली मागणी.

आता दुसरी गोष्ट, आणि ती पैशाहून मोठी आहे. ही ‘गंमत’ महागात कोणाला पडते?

आपल्या पोरींना पडते. नीटला मार्क कमी पडले, इथल्या खासगी कॉलेजची फी झेपत नाही, म्हणून विदर्भातून किती मुलं-मुली उझबेकिस्तान, किर्गिझस्तान, कझाकस्तानला एमबीबीएसला जातात, आजूबाजूला विचारा. समरकंद आणि बुखारा इथल्या वैद्यकीय संस्थांमध्ये भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेन सोडून यावं लागलेल्यांपैकी बरेच जण पुढे समरकंदच्या विद्यापीठात गेले. माझ्या ओळखीतल्या एका बापाने शेत गहाण टाकून मुलीला तिकडे पाठवलं. लग्नाच्या पंगतीत त्याला कोणीतरी विचारलं, “पोरगी उझबेकिस्तानात? बरं बरं.” त्या दोनदा म्हटलेल्या ‘बरं’चा अर्थ त्या बापाला कळला. तो न जेवता उठला. शरीरशास्त्राची जाडजूड पुस्तकं पाठ करणाऱ्या पोरीची बदनामी कोणी केली? चार रात्री पाच दिवसवाल्यांनी केली.

तिथल्या पोरींनाही पडते. उझबेक मुलींना नोकरीचं आमिष दाखवून दिल्लीत आणायचं, पासपोर्ट काढून घ्यायचा आणि धंद्याला लावायचं, अशी प्रकरणं पोलिसांत आणि कोर्टात गेलेली आहेत. डोळा मारणाऱ्याला वाटतं आपण नुसता विनोद केला. पण त्या विनोदाला गिऱ्हाईक आहे म्हणून तिकडच्या दलालाचं दुकान चालतं.

आणि आपल्या नावालाही पडते. त्या देशात जुन्या पिढीला भारत माहीत आहे तो राज कपूरमुळे. ‘हिंदिस्तान’ म्हटलं की म्हातारी माणसं अजून त्याचं नाव घेतात, त्यानंतरची पिढी मिथुनचं. हे प्रेम कोण्या सरकारी योजनेने मिळवलेलं नाही, सिनेमाच्या पडद्याने कमावून दिलंय. त्या म्हाताऱ्यांच्या नातीला उद्या ‘हिंदिस्तान’ म्हटल्यावर रात्री हॉटेलच्या लॉबीत आरडाओरड करणारा पोट सुटलेला घोळका आठवणार असेल, तर नुकसान कोणाचं?

कोणी म्हणेल, “ज्याचा त्याचा पैसा, तुला काय करायचं?” ठीक. प्रौढ माणसाच्या खासगी आयुष्यात मला डोकावायचं नाही. पण तुम्हीच ते खासगी ठेवत नाही ना राजेहो! तुम्ही ते पानठेल्यावर आणता, ग्रुपवर टाकता, आणि एका अख्ख्या देशाच्या बायकांवर शिक्का मारता. तिथे खासगीपण संपलं.

दुसरी बाजूही आहे. एकाने मला मेसेज केला की तैमूर लुटारू होता, त्याच्या गावाला पैसे कायले घालायचे? बरोबर आहे, लुटारूच होता. १३९८ मध्ये त्याने दिल्लीत जे केलं ते विसरायचं कारणच नाही. पण दिल्लीहून त्याने दगडकाम करणारे कारागीर सोबत नेले, आणि परतल्यावर १३९९ मध्ये समरकंदला बीबी खानम मशिदीचं काम सुरू केलं. म्हणजे त्या दगडांवर आपल्या माणसांचे हात लागलेत, तेही जबरदस्तीने नेलेले. ते पाहायला आपण जायचं नाही, तर कोणी जायचं?

आणि समरकंद म्हणजे फक्त तैमूर नाही. त्याचा नातू उलुगबेग राजा होता, पण जीव रमला ताऱ्यांत. त्याने वेधशाळा बांधली आणि १४३७ मध्ये हजारावर ताऱ्यांची यादी तयार केली. १४४९ मध्ये त्याचा खून झाला, घडवून आणला पोटच्या पोराने. वेधशाळा मातीत गेली, ती १९०८ मध्ये खोदून सापडली. जमिनीच्या पोटात उतरणारी तिची दगडी कमान आजही पाहता येते. पुढे सवाई जयसिंगाने दिल्ली, जयपूर, उज्जैनला जंतरमंतर उभारले, तेव्हा त्याच्यासमोर याच उलुगबेगचं काम होतं. उज्जैन आपल्याला लांब नाही. तिथला धागा थेट समरकंदला जातो.

आता आपल्याच रस्त्याचं बोलू. हिंगणा रोडवर वानाडोंगरीला यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. हजारो पोरं तिथून शिकून गेली, आपण त्या स्टॉपवर रोज उतरतो. जानेवारी १९६६ मध्ये हे यशवंतराव कुठे होते? ताश्कंदला. देशाचे संरक्षणमंत्री म्हणून शास्त्रीजींसोबत गेले होते. १० जानेवारीला पाकिस्तानशी करार झाला आणि त्याच रात्री, ११ तारीख उजाडायच्या आत, शास्त्रीजी गेले. त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन होते आणि काही महिन्यांपूर्वी ज्याच्याशी युद्ध झालं तो अयुब खानही होता. ताश्कंदला आज शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे. ‘जय जवान जय किसान’ म्हणणारा माणूस जिथे देशाचं काम करता करता गेला, त्या शहराच्या नावाने आपण डोळे मारतो. आणि शेतकऱ्याच्याच पैशाने तिथे जाऊन त्या पुतळ्यासमोर गाडीसुद्धा थांबवत नाही. याहून जास्त काही बोलायची गरज आहे का?

राग काढून झाला. आता कामाचं, कारण इनबॉक्समध्ये तीन-चार जणींनी नियोजन विचारलंय. (हो, जणींनीच.)

आम्ही आठ दिवस धरलेत. पहिले दोन ताश्कंद: शास्त्रीजींचा पुतळा, चोरसू बाजार, खस्त इमाम आणि मेट्रो. मेट्रो हसण्यावारी नेऊ नका. १९७७ ची आहे. एकेक स्टेशन राजवाड्यासारखं आहे, एका स्टेशनात तर भिंतीवर गागारिन आणि तेरेश्कोवा आहेत. २०१८ पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती, आता नाही. आपल्या लोकमान्य नगरहून बसणाऱ्यांनी तर पाहावीच. २६ एप्रिल १९६६ च्या भूकंपात हे शहर बरंचसं पडलं होतं, त्यानंतर नव्याने उभं राहिलंय, हे फिरताना लक्षात ठेवा.

मग ‘अफ्रोसियाब’ या वेगवान गाडीने समरकंद, साधारण सव्वादोन तास. तिकिटं लवकर संपतात, आधी काढा. तिथे तीन दिवस. तीन कायले? कारण रेगिस्तान चौकातले तीन मदरसे सकाळी एक दिसतात, सूर्य कलल्यावर वेगळे. पहिला उलुगबेगचा, बाकी दोन त्यानंतर दोनशे वर्षांनी बांधलेले. शिवाय तैमूरची कबर, शाही-झिंदाची निळी गल्ली आणि ती वेधशाळा. पुढे बुखारा दोन दिवस. तिथला कल्यान मिनार ११२७ चा आहे, चंगेजखान येण्याच्याही आधीपासून उभा. शेवटचा दिवस परतीचा.

ई-व्हिसा घरबसल्या होतो, फी २० डॉलर. एजंटाने याचे हजारो रुपये सांगितले तर दुसरा एजंट पाहा. जून ते ऑगस्ट टाळा, चाळीस डिग्री खायला नागपूर पुरेसं आहे. विमानाचं मात्र आधी तपासा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली तेव्हा इंडिगोने दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीची विमानं थांबवली होती.

शाकाहारी लोकांनो, हाल होतील पण उपाशी मरणार नाही. तंदुरातली नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, भोपळ्याचा सामोसा, द्राक्षं, टरबूज. फक्त पुलावात मांस असतं हे ध्यानात ठेवा. आणि बाजारात ‘सब्जी’ मागितली तर गाजर हातात येईल, कारण त्यांच्या भाषेत गाजराला सब्जी म्हणतात! बाकी बाजार, मैदान, दुकान, दोस्त, हवा हे शब्द थोड्या फरकाने तेच. परक्या देशात इतकं ओळखीचं क्वचित सापडतं.

तर माझं म्हणणं तीन ओळींत.

कंपन्यांनो, शेतीच्या मालावर टूरची स्कीम बंद करा, तेवढे पैसे बाटलीच्या किमतीतून कमी करा.

टूरवाल्यांनो, ‘जेन्ट्स ग्रुप’ची सूचक जाहिरात थांबवा. समरकंद ‘ऑप्शनल’मधून काढून पॅकेजमध्ये टाका.

आणि बाकी आपण सगळ्यांनी एवढंच करायचं. कोणी ताश्कंदहून आला की हसायचं नाही, सरळ विचारायचं, “समरकंद पाहिलं का? शास्त्रीजींच्या पुतळ्याला हार घातला का?” उत्तर आलं तर बसवून ऐका, चहा पाजा. उत्तर आलं नाही तर त्याला कळू द्या की आपल्याला कळलंय.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली नावानिशी भांडा, उत्तर देईन.