मामा तलावांचे दप्तर

नवेगावबांधच्या परिसरात कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उभारलेल्या तलावांचा वारसा ज्या गोंदिया जिल्ह्याला लाभला, त्या जिल्ह्यातील माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’, तलावांची माहिती, कोणाचे धान कोणत्या पाटाने भिजते व निस्ताराचा, म्हणजे गावाच्या सामाईक वापराचा, हक्क कोणाचा हे सांगणाऱ्या वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रकांसह, एका सुव्यवस्थित विदागारात गुंफली जावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

मात्र जुना मजकूर एकाच लांबलचक तक्त्यात उतरविणे म्हणजे विदागार नव्हे. १९७० साली आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी मांडलेल्या संबंधाधिष्ठित रचनेचे मर्म असे की, प्रत्येक वस्तुस्थिती एकदाच व एकाच जागी नोंदवावी: तलावांचे कोष्टक निराळे, जमिनीच्या गटांचे निराळे, खातेदारांचे निराळे, प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक, आणि एका तलावावर अनेक गट, तर क्वचित एका गटास दोन तलाव, म्हणून त्यांना जोडणारे आणखी एक कोष्टक. असे केले म्हणजे वारसाचा फेरफार एके ठिकाणी होतो आणि सर्वत्र खरा ठरतो. हक्काच्या नोंदीस आरंभाची व समाप्तीची तारीख हवीच, कारण १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली तरी तिच्या काळातील पाणीवाटपाचे हक्क पुसून टाकणे अन्यायाचे होईल.

जिल्हा परिषदेने संगणकाची खरेदी करण्यापूर्वी तलाठी आणि पाणीवाटप जाणणारे वृद्ध शेतकरी यांना एकत्र बसवून ही कोष्टके प्रथम कागदावर आखून घ्यावीत.