राजीनाम्याचा कागद

२०२५ च्या जुलै महिन्यात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्या बातमीचा धसका घोडबंदर रस्त्यापासून डोंबिवलीच्या निवासी विभागापर्यंत अनेक घरांना बसला. ते स्वाभाविकच होते. कंपनीची मोठी संकुले ठाण्यातच आहेत, आणि २००४ साली ठाणे-वाशी लोहमार्ग सुरू झाल्यापासून कल्याण-डोंबिवलीच्या शिकलेल्या तरुणाला ऐरोलीची वाट सोपी झाली आहे.

सप्टेंबरअखेर कंपनीची कर्मचारीसंख्या तीन महिन्यांत १९,७५५ ने घटल्याचे दिसले. कपातीचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असा कंपनीचा खुलासा होता. तो मान्य केला तरी एक प्रश्न उरतोच. जून महिन्यातच नवा नियम आला होता : वर्षातले किमान २२५ दिवस ग्राहकाला आकारता येतील असे काम हवे आणि कामावाचून ३५ दिवसांहून अधिक काळ जाता कामा नये. काम मिळवून आणणे ही आजवर व्यवस्थापनाची जबाबदारी समजली जाई. ती पंधरा-वीस वर्षे इमानाने राबलेल्या कर्मचाऱ्याच्या माथी कधी आली?

ज्या कामावर ही घरे उभी राहिली, ते काम मुळात दुसऱ्या कोणाचे तरी होते, हेही विसरून चालणार नाही. २००४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत जॉन केरी यांनी नोकऱ्या परदेशी धाडणाऱ्या उद्योगपतींवर देशद्रोहाच्या भाषेत टीका केली होती. इकडे तेव्हा ती टीका म्हणजे हरणाऱ्याचा त्रागा वाटला. जे काम केवळ स्वस्त पडते म्हणून येते, ते त्याहून स्वस्त काही मिळाले की जाते. मग ते दुसऱ्या देशात जावो की यंत्रात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लागू झाले आणि अमेरिकेला जाण्याची पळवाटही अरुंद झाली.

ठाणे जिल्ह्याला उद्योग बुडण्याचा अनुभव नवा नाही. वागळे इस्टेटमधले भोंगे एकेक करून थांबले. मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि हजारो कामगार देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. तो झगडा दारुण होता. पण त्या कामगारापाशी संघटना होती, सभा घ्यायला कारखान्याचे फाटक होते, आणि आपण कामगार आहोत याची त्याला लाज नव्हती. त्याच पिढीने पोटाला चिमटा काढून मुलांना संगणक शिकवला. हा मुलगा स्वतःला कामगार म्हणवून घेत नाही. संघटना म्हटली की त्याला लाल बावटा आणि संप एवढेच आठवते. दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ साली भारतीय मजदूर संघ स्थापन करून वेगळी वाट दाखवली होती, हे त्याच्या कानावर कोणी घातलेलेही नसते.

म्हणूनच त्याची कपात बहुधा कपात म्हणून नोंदलीच जात नाही. त्याला एका खोलीत बोलावले जाते आणि राजीनामा पुढे सरकवला जातो. अनुभवाचे प्रमाणपत्र बिघडेल या धास्तीने तो सही करतो. घरच्यांना कळते ते कधीकधी महिन्याभराने, गृहकर्जाचा हप्ता चुकल्यावर. पुण्यातील ‘नाइट्स’ या संघटनेने टीसीएसच्या बाबतीत सक्तीच्या राजीनाम्यांची तक्रार थेट केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे नेली. कंपनीने आरोप नाकारले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. कपात झालेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, शिवाय नवे कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम ४५ दिवसांत, अशी तिची तरतूद आहे. मात्र व्यवस्थापकीय पदावरचा, किंवा अठरा हजारांहून अधिक वेतनाचा पर्यवेक्षक, तिच्या लेखी कामगार नाही. संगणक कंपन्यांत तर दोन माणसे हाताखाली आली की ‘मॅनेजर’ ही पदवी मिळते! आणि जो या व्याख्येत बसतो, त्यानेही राजीनाम्यावर सही केली असेल, तर कपात झाली हेच त्याला आधी सिद्ध करावे लागते.