परतीचे पैसे आधी

'प्रवास' ह्या शब्दाचा अर्थ आम्ही वर्गात विचारीत असू, तेव्हा बहुतेक विद्यार्थी 'जाणे' असे उत्तर देत. वास्तविक ह्या शब्दात 'वस्' हा धातू आहे. प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणे. गेल्या महिन्यात सांगलीस आमच्या धाकट्या बंधूंकडे गेलो असता ह्या व्युत्पत्तीची आठवण झाली, आणि निमित्त होते हिशेबाच्या वहीचे.

बंधू नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले आहेत. ते, भावजय, पुतण्या, सूनबाई आणि आठ वर्षांचा नातू अशा पाच जणांनी येत्या मे महिन्यात युरोपची दहा दिवसांची सहल करावी, असा बेत ठरत आला होता. पुतण्याने वही पुढे केली. मोठ्या माणसास २,२५,००० रुपये, मुलास १,६०,०००, एकूण १०,६०,०००. गाठीस ११,००,००० होते. "म्हणजे, मोठे काका, चाळीस हजार उरतातच," तो म्हणाला.

बेरीज बरोबर होती. परंतु ती आयोजकाच्या पत्रकातील पहिल्या पानाची बेरीज होती. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, 'समाविष्ट नाही' अशा मथळ्याखाली दुसरी यादी होती, ती कोणी वाचली नव्हती. आम्ही चष्मा पुसून ती मोठ्याने वाचली आणि पुतण्यास लिहावयास सांगितले.

पहिले कलम व्हिसाचे. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून मोठ्या माणसास ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलास ४५ युरो आहे. पाच जणांचे ४०५ युरो झाले. अर्जकेंद्राची दक्षिणा निराळी, आणि बोटांचे ठसे देण्यासाठी केंद्रावर जाण्यायेण्याचे भाडे निराळे. अर्ज नामंजूर झाला तरी शुल्क परत मिळत नाही. त्याच व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षे चालतो, हे अनेकांच्या ध्यानी नसते. नातवाच्या पासपोर्टाची मुदत संपत आलेली निघाली.

त्यापुढे सांगली ते मुंबई विमानतळ व परत, अशी मोटार. गरम कपडे व पेट्या. जी जेवणे आयोजक देत नाही ती जेवणे, पाणी, आणि सार्वजनिक स्वच्छतागृहात पुष्कळ ठिकाणी द्यावे लागणारे नाणे. बँकेचे कार्ड परदेशी चालविले की चलनबदलापोटी बँक शेकडा दोनतीन रुपये घेते, तेही कलम लिहिले. परदेशी सहलीच्या किमतीवर आयोजक सरकारसाठी आगाऊ करही वसूल करतो. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्याची वजावट मिळते, म्हणून त्यास खर्च म्हणता येणार नाही. पण निघण्यापूर्वी तेवढी रक्कम हाताशी असावी लागते. दर वेळोवेळी बदललेला आहे, तरी नोंदणीच्या दिवशीचा विचारून घ्यावा.

शेवटचे कलम कोणीच लिहिले नसते. आमच्या मातोश्रींचे वय शहाऐंशी. खुबा मोडल्यापासून त्यांस साताऱ्यापर्यंतचा प्रवास झेपत नाही. आमची मंडळी सांगलीस येऊन राहतील, तरी उचलून बसविण्यास एक बाई लागेलच. एकत्र कुटुंबात जो मागे राहतो त्याचा खर्चही सहलीचाच खर्च होय. तो वहीत न मांडला तर कोणाच्या तरी अंगावर मुकाट्याने पडतो.

पत्रकाबाहेरील कलमे २,६०,००० पर्यंत गेली. अडीअडचणीसाठी ८०,००० वेगळे धरावयास लावले. एकूण १४,००,०००. ओसरीवर कोणी बोलेना. पुतण्या म्हणाला, "तीन लाख कर्ज काढू, हप्ते फेडता येतील." तेवढ्यात भावजय आत गेल्या आणि माहेरच्या दोन पाटल्या आणून वहीवर ठेवल्या. "दादा, ह्या नाहीतरी कपाटातच असतात," एवढेच म्हणाल्या. बंधूंनी मान खाली घातली.

तेव्हा आम्ही त्यांस आमच्या साताऱ्याची एक जुनी हकीकत सांगितली. १८३९ साली कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांस पदच्युत केले. त्यांची दाद मागण्यास रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहिले. १८४७ साली महाराज काशीस निवर्तले, पुढच्याच वर्षी सातारचे राज्य खालसा झाले, आणि पाठविणाराच न उरल्यामुळे पैशाचा ओघ आटला. परक्या मुलुखात त्या स्वामिनिष्ठ पुरुषास कर्जाच्या काळजीत दिवस काढावे लागले. त्यांचे जाणे कर्तव्यासाठी होते; त्यांची आपल्या मौजेशी तुलना करणे शोभणारे नाही. परंतु गृहस्थाने त्यातून एवढा बोध घ्यावा, की दूर राहणाऱ्याचा आधार घरी शिल्लक ठेवलेल्या पैशात असतो.

म्हणून अंदाजपत्रक शेवटाकडून लिहावे. परतल्यानंतरच्या महिन्याचा घरखर्च, औषधपाणी व मुलांची फी प्रथम बाजूस काढावी. मग राखीव रक्कम, मग पत्रकाबाहेरील कलमे. उरेल त्यात जी सहल बसेल ती आपली सहल. बसत नसेल तर एखादा देश गाळावा, दोन दिवस कमी करावे, वाटल्यास वर्षभर थांबावे. राखीव रकमेस मात्र हात लावू नये. सहलीची छायाचित्रे दोन महिन्यांत जुनी होतात, कर्जाचा हप्ता दर महिन्यास नवा येतो.

पुतण्याने शंका काढली, की वर्षभरात दर वाढतील. वाढतील खरेच. म्हणूनच दहाऐवजी आठ दिवसांची सहल ठरली, आणि ती पुढच्या वर्षावर गेली. दरमहा २५,००० रुपयांची आवर्ती ठेव उघडावयाची, म्हणजे वर्षाअखेर व्याजाखेरीज तीन लाख जमतील. भावजयींच्या पाटल्या बंधूंनी स्वतः उचलून कपाटात ठेवल्या. त्या वेळी दोघांच्याही मुद्रेवर जे समाधान दिसले, ते कोणत्याही सहलीत विकत मिळाले नसते.

निघताना सूनबाईंनी विचारले, तिकडच्या स्नेह्यांसाठी साताऱ्याचे कंदी पेढे न्यावे काय? बाहेरून येणाऱ्या प्रवाशास युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेण्याची मुभा नाही, हे आम्ही सांगितले. मातोश्री आतून म्हणाल्या, "मग ते पेढे मलाच आणून दे!" तेही कलम आम्ही वहीत मांडून आलो आहोत.