काटा खरा, पण अर्धाच

बाळ अंगाने भरलेले असले, की आपल्याकडे त्याच्या गालाला तीट लावतात. तेच मूल शाळेत जाऊ लागले, की पाहुणे म्हणतात, ‘खात्यापित्या घरचे दिसते!’ दुष्काळ ज्या मुलखाच्या हाडात मुरला आहे, तिथे हे कौतुक समजण्यासारखे आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांनी सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढले. त्या मराठवाड्यात वजन वाढणे म्हणजे बरकत. म्हणूनच नांदेड-लातुरात मुलांच्या लठ्ठपणाचा विषय काढला, की समोरचा विचारतो, ‘इथे कुपोषण आहे आणि तुम्ही हे काय घेऊन बसलात?’

प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याच फेरीत अतिवजनाच्या मुलांचे प्रमाण १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेले. पण खरा धक्का दुसरीकडे आहे. २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील ५ ते १९ वयोगटातले दर दहांतील एक मूल मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळले. या वयातली अतिवजनाची मुले मात्र चार-पाच टक्केच. हिशेब सरळ आहे. सगळ्या जाड मुलांची साखर बिघडली आहे असे धरले, तरी निम्मी मुले उरतात. ती काट्यावर ‘ठीक’ दिसणारी मुले आहेत.

मी बँकेत असताना कर्जाच्या अर्जासोबत ताळेबंद यायचा. त्यातले एखादे गुणोत्तर देखणे दिसे. पण माल गोदामात पडून आहे की विकला जातो, हे त्या आकड्याला ठाऊक नसे. मुलांच्या आरोग्याच्या बाबतीत असा देखणा आकडा म्हणजे बीएमआय : किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या केटले या बेल्जियन गणितज्ञाचे. त्याला शोध होता ‘सरासरी माणसा’चा, पोरांचे आजार ओळखण्याचा नव्हे. बीएमआय हे नाव अमेरिकेच्या अँसल कीज यांनी १९७२ मध्ये रूढ केले. वजनातले स्नायू किती आणि चरबी किती, हे तो सांगत नाही. चरबी पोटात आहे की मांडीवर, हेही नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि मुलांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. ‘बारीक पण चरबीयुक्त’ असे हे भारतीय बाळ.

मराठवाड्यात मुलींची लग्ने लवकर होतात, गरोदरपणातही शेतातली आणि घरातली कामे सुटत नाहीत. अशा आईच्या पोटातले बाळ टंचाईच्या हिशेबाने घडते, असे हे शास्त्र सांगते. पुढे त्याच मुलाच्या हाती बिस्किटाचा पुडा, फरसाण आणि थंड पेय येते. कुपोषण आणि लठ्ठपणा हे दोन शत्रू नव्हेत. ते एकाच घरात, कधी एकाच शरीरात, मागेपुढे राहतात.

आता लातूरच्या शिकवण्यांच्या वस्तीत या. ‘लातूर पॅटर्न’ने खेड्यातल्या मुलांना डॉक्टर केले, हे मोठेच काम. नांदेडनेही तोच रस्ता धरला. पण पंधरा-सोळाव्या वर्षी, शरीर स्नायू बांधत असते नेमके तेव्हा, ही मुले सकाळपासून रात्रीपर्यंत बाकावर बसतात. मैदान नाही, झोप अपुरी. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण गावी राहिले. मेसचा भात, वडापाव आणि गोड चहा उरला. रक्तातली साखर वापरणारे मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. ते गिऱ्हाईकच बसून राहिले, की माल यकृतात आणि पोटात साचतो. काहींच्या मानेवर काळपट, मखमली घडी दिसू लागते. आया तो मळ समजून घासत बसतात. पुष्कळदा ती इन्सुलिनचे काम अडल्याची खूण असते.

उपाय महाग नाही. एक दोरा घ्यावा, मुलाच्या उंचीइतका कापावा आणि मधोमध दुमडावा. दुमडलेला दोरा कमरेभोवती पुरला नाही, तर पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे, डॉक्टरांना दाखवावे. हे निदान नव्हे, इशारा आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी वाढीचे तक्ते दिले. त्यांत धोक्याची रेघ प्रौढांच्या २३ आणि २७ बीएमआयच्या हिशेबाने, म्हणजे जागतिक २५ आणि ३० पेक्षा खाली, आखली आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगानेही बजावले, की केवळ बीएमआयवर लठ्ठपणा ठरवू नका.

तेव्हा शाळांच्या आरोग्य तपासणीत वजन-उंचीबरोबर कमरेचे माप घ्यावे. तेही पडद्याआड, वर्गासमोर पोराची टिंगल होऊ न देता. शिकवण्यांनी दिवसाचा एक तास मैदानाला द्यावा. आणि बारीक मुलाचे ताट कमी करण्याचे कुणी मनातही आणू नये. त्याला डाळ, दूध, अंडे हवे. शालेय आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या अंड्याचा निधी शासनाने जानेवारी २०२५ मध्ये थांबवला. वाचलेले हे पैसे उद्या औषधांवर खर्च होणार असतील, तर ती बचत कसली?

आपल्या जिल्ह्यांनी मुलांच्या गुणांचा दशांशापर्यंत हिशेब ठेवायला शिकून घेतले. ज्या शरीराने हे गुण मिळवायचे आणि पुढे चाळीस वर्षे संसार ओढायचा, त्याच्यासाठी एवढा दोरा तरी घरात असावा.