पोट भरलें म्हणजे पोषण झालें काय?

दुष्काळाची चाहूल लागली कीं आमच्या शहरांतील धर्मशील व्यापारी मंडळी पांजरपोळांस व चारा-छावण्यांस कडब्याच्या गाड्या पाठवूं लागतात. या दातृत्वास नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. मुंबईचा पांजरपोळ सन १८३४ मध्यें उभा राहिला तो अशाच औदार्यावर. परंतु ज्या द्रव्यांत कडब्याच्या चार गाड्या येतात, त्यांतील एका गाडीच्या मोलाची पेंड कां घेऊं नये, हा प्रश्न दात्यांनीं स्वतःस विचारावा.

जुना कडबा, गव्हाचा भुसा व भाताचा पेंढा यांत प्रथिनांचा अंश शेंकडा तीन ते पांच भागच असतो. आतां, गाय-बैल हा चारा स्वतः पचवीत नाहींत. त्यांच्या कोठीपोटांत असंख्य सूक्ष्म जीव असतात, ते तो पचवितात, आणि त्या जीवांसही प्रथिन लागतें. एकंदर खाद्यांत तें शेंकडा सुमारें सात भागांहून कमी पडलें कीं ते जीव क्षीण होतात, चारा पोटांत तसाच पडून राहतो व जनावराची भूक मंदावते. गव्हाण भरलेली आणि बरगड्या उघड्या, हा देखावा त्यामुळेंच दिसतो. राखणदार म्हणतो, "खात नाहीं, कांहीं दुखणें असेल." दुखणें गव्हाणींतच असतें!

सहा किलो निकृष्ट कडब्यांत जेवढें प्रथिन, जवळजवळ तेवढेंच एक किलो सरकीच्या पेंडींत मिळतें. शिवाय ती पेंड पोटांत गेल्यावर तोच कडबा जनावर अधिक खातें व अधिक पचवितें. पेंड महाग हें खरें. पण सोनें घेतांना कस लावणारे आणि धान्य घेतांना मूठ भरून पाहणारे आमचे व्यापारी, चारा तेवढा केवळ वजनावर कां घेतात, हें आम्हांस कळत नाहीं. अर्थात् जेथें चाराच नाहीं, तेथें प्रथम चाराच पाठविला पाहिजे.

सन २०१९ च्या उन्हाळ्यांत बीड-सोलापुराकडे छावण्या उघडल्या. अशा वेळीं उंसाच्या वाढ्यांवर पुष्कळ जनावरें जगतात. वाढ्यांतील ऑक्झॅलेट शरीरास मिळणारें कॅल्शियम बांधून ठेवतें; त्यावर चुन्याच्या निवळीचा उपाय अगदीं अल्पमोली आहे. पेंढ्यावर युरियाची प्रक्रियाही करितां येते: १०० किलो पेंढ्यास ४ किलो युरिया पाण्यांत पूर्ण विरघळवून शिंपडावा व ढीग दाबून २१ दिवस हवाबंद झांकावा. मात्र हें काम जाणत्याच्या देखरेखीखालींच व्हावें. अंदाजानें घातलेला युरिया जनावराचा प्राण घेतो, आणि लहान वासरांस तर असा चारा देऊंच नये.

पेंडीच्या व्यापाऱ्यांसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. ओलसर गोदामांत बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड "जनावरासच तर घालावयाची" म्हणून खपविली जाते. त्या बुरशीचें विष दुधांत उतरतें, आणि तें दूध विकणाऱ्याच्या घरींही येतें.

पांजरपोळांच्या विश्वस्तांनीं वार्षिक अहवालांत कडबा किती टन आला एवढेंच न छापतां, दर जनावरामागें रोज पेंड, मीठ व क्षारमिश्रण किती पडलें, तो आंकडाही छापावा. देणगी देणाऱ्यांनीं तो आधीं मागावा आणि मग पावती फाडावी.